परत आलेला डबा

उमादेवीला कॉम्प्युटरातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण पोराचं लग्न कॉम्प्युटरपाशी येऊन अडणार आहे असं कुणी तिला आधी सांगितलं असतं, तर तिनं तो विषयही पाठ करून ठेवला असता.

पोरगा नागेंद्र. दिवसा बसवकल्याणच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायचा आणि संध्याकाळी राजेश्वर गावी घरी आला, की चहा पिऊन पुन्हा कॉम्प्युटरसमोरच बसायचा. हे दुसरं काम फुकटचं. बिलं छापायचे जुने प्रिंटर नव्या विंडोजवर चालेनासे झाले होते, ते लिनक्सवर चालावेत म्हणून त्यानं एक प्रोग्राम लिहिला होता आणि ज्याला पाहिजे त्याला तो देत होता. लिनक्स म्हणजे काय, हेही त्यानं आईला एकदा समजावलं होतं. विंडोज कंपनीचं, पैसे मोजून घ्यायचं, आत काय आहे ते दिसत नाही. लिनक्स जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं, उघडं, कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं. उमादेवीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पगार कोण देतं म्हणून विचारलं. त्यानंतर त्यानं समजावणं सोडून दिलं.

स्थळ मैलूरचं होतं, बीदरमधलं. मुलगी सौम्या, कडगंचीच्या विद्यापीठात कॉम्प्युटर शिकलेली, आता वडिलांच्या कॉम्प्युटर-प्रिंटरच्या दुकानात दुरुस्तीचं बघायची. पोरानं आणि पोरीनं एकमेकांना पसंत केलं होतं. उमादेवीलाही ती पहिल्या भेटीतच आवडली होती. मोजकं बोलायची, पण बोलताना डोळ्यांत बघायची. आता राहिलं होतं ते एवढंच, की मुलीच्या वडिलांनी येऊन घर बघावं आणि हो म्हणावं.

चनमल्लप्पा आले. शरणुशरणार्थी म्हणत नमस्कार झाले, कडक भाकरी झाली, शेंगदाणे-गूळ भरलेल्या शेंगाच्या पोळ्या झाल्या. उमादेवीचा नवरा हावगेप्पा कापडाच्या दुकानात दिवसभर बोलून घरी मुका होणारा माणूस, तो नुसता हसत बसला. चनमल्लप्पांनी शेत विचारलं नाही, घराच्या खोल्या विचारल्या नाहीत. पोळीवर तूप घेता घेता त्यांनी तक्रारच केली. नागेंद्रच्या त्या फुकटच्या प्रोग्रामानं त्यांच्या गिऱ्हाइकांचे जुने प्रिंटर चालू झाले होते, मग आता नवे प्रिंटर त्यांनी कुणाला विकायचे? हावगेप्पा हसला. चनमल्लप्पा हसले नाहीत.

"मला एक सांगा," ते म्हणाले. "दुकानात येणारा जाणारा हेच विचारायलाय. विंडोजवाली कंपनीच उद्या तुमच्या लिनक्सवर आपलं घर बांधंल का? वर विंडोज, खाली पाया लिनक्सचा. व्हईल का न्हाई?"

उमादेवी दारात उभी राहून ऐकत होती. ही परीक्षा आहे एवढं तिला कळलं, उत्तर मात्र तिला येत नव्हतं. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण लवकर म्हण, असं ती मनातल्या मनात पोराला सांगत होती. तो विचार करत बसला. हीच त्याची खोड. मग त्यानं सावकाश सांगितलं, की खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही. कंपनीनं आपल्या सिस्टीमच्या पोटात लिनक्स चालवायची सोय तर आधीच करून दिली आहे. खिशातले बहुतेक फोनही लिनक्सच्याच पायावर उभे आहेत. पण विंडोजच्या जुन्या पायावर लोकांचे अगणित प्रोग्राम उभे आहेत, आणि माणसं राहत असलेल्या घराखालचा पाया बदलणं सोपं नसतं. त्यामुळं एवढ्यात नाही. पुढंमागं झालं तर त्याला नवल वाटणार नाही.

"आन् झालं तर तुमाला काय मिळंल?" चनमल्लप्पांनी विचारलं. "तुमची मेहनत फुकट उचलतील आन् वर आपलं नाव घालून विकतील."

"विकू द्या की," नागेंद्र म्हणाला. "अट एकच हाय. त्या पायात काही बदल करून तो विकला, तर तो बदल सगळ्यांना उघडा करून द्यायचा. घ्यायला कुणाला मनाई न्हाई. दाबून ठिवायला हाय."

कंपन्यांशी धंदा करून आपले केस पांढरे झाले, घेतलेलं परत करणारी कंपनी अजून बघितली नाही, असं चनमल्लप्पा म्हणाले आणि ताट बाजूला सारलं. आता बैठक मोडणार असं उमादेवीला वाटलं आणि तिला राहवेना.

"त्यात काय अण्णा," ती दारातूनच म्हणाली. "शेजारणीचा डबा आपण रिकामा परत करतो काय? तसंच हाय ते."

नागेंद्र आईकडं बघतच राहिला. जे समजावता समजावता तो थकला होता, ते तिनं भाकरीच्या पिठाच्या हातांनी सांगून टाकलं होतं. चनमल्लप्पांनी मान हलवली आणि ते हात धुवायला उठले. निघताना उमादेवीनं त्यांच्या हातात स्टीलचा डबा दिला. आत शेंगाच्या पोळ्या, झाकणावर तिचं नाव कोरलेलं. लग्नात आलेला डबा होता तो, दुसऱ्या कुणाला तिनं दिला नसता.

मग वाट बघणं सुरू झालं. मैलूरहून फोन येईना. आणि एका दुपारी हावगेप्पाच्या दुकानाचा माल बीदरहून आणणाऱ्या निंगप्पानं टेम्पोतून उतरून डबा तिच्या हातात ठेवला. मैलूरच्या अण्णांनी दिलाय, म्हणाला.

हातात घेताच तिला कळलं. तरी तिनं झाकण उघडून बघितलं. आत काही नव्हतं. घासून, पुसून, लख्ख. चिमूटभर साखरसुद्धा नाही. दुसऱ्या कुणी दिला असता तर विसरले असतील म्हटलं असतं. पण तिनं ते वाक्य त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं, आणि त्यांनी त्याच वाक्यात उत्तर पाठवलं होतं. याहून स्वच्छ नकार असू शकत नाही. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. तिनं डबा सगळ्यात वरच्या फळीवर पालथा घातला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

अडचण ही, की नागेंद्र मजेत होता. गुणगुणायचा काय, एक भाकरी जास्त खायचा काय. बिचाऱ्याला ठाऊकच नाही, असं वाटून उमादेवीच्या काळजाला घरं पडायची. त्याला सांगायचं तिनं रोज ठरवलं आणि रोज उद्यावर ढकललं. चनमल्लप्पांना मात्र ती भांडी घासताना मनसोक्त बोलून घ्यायची.

रविवारी सकाळी तो छोटा प्रिंटर घेऊन स्वयंपाकघरातच आला. बिलाची एक पट्टी बाहेर आली, ती त्यानं आईच्या नाकापुढं धरली. बिलाची शेवटची ओळ कापली जायची, कितीतरी दिवस त्याला तो दोष सापडत नव्हता. आता ओळ पूर्ण येत होती. सौम्यानं दुकानातल्या जुन्या प्रिंटरवर बसून चूक शोधली आणि दुरुस्त करून पाठवली, असं तो सांगू लागला.

"तिला कामून हा उद्योग?" उमादेवी म्हणाली. "न्हाई म्हणून कळवून मोकळे झाले की ते."

"कोण? कधी?"

तिनं स्टुलावर चढून डबा काढला, त्याच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. नागेंद्रनं डब्यात बघितलं, आईकडं बघितलं आणि तो हसत सुटला. ती रागावली तरी त्याचं हसणं थांबेना. शेवटी त्यानं फोन लावला आणि आवाज मोठा करून मध्ये ठेवला.

डब्याचं सगळं त्यानं सौम्याला सांगितलं.

"डबा अप्पांनीच घासला असंल," ती म्हणाली. "आई गेल्यापासून आमच्याकडची भांडी तेच घासतात. काही भरून द्यायचं असतं हे त्यांच्या ध्यानात आलं नसंल. तुमचं ते डब्याचं बोलणं मातर रोज गिऱ्हाइकांना सांगायलेत. येत्या सोमवारी तारीख धरायला यायचं म्हणायलेत. अक्का, मला वाटलं डबा अजून आमच्याकडंच हाय. पोळ्या मला येत न्हाईत. म्हणून डब्याच्या बदली जे येतं ते करून पाठवलं."

उमादेवीनं डबा जवळ ओढला. झाकणावरच्या तिच्या नावाच्या अक्षरांत वर्षानुवर्षांचा काळा मळ बसला होता. तिनं कधी तो काढायचे कष्ट घेतले नव्हते. आता एकेक अक्षर चमकत होतं. कुणीतरी बसून, काडीनं कोरून कोरून तो मळ काढला होता. आत बघण्याच्या घाईत तिनं झाकण बघितलंच नव्हतं.

"तिनं दिलेलं घेतलंस का?" तिनं पोराला विचारलं.

"घेतलं की. परवाच. आता ते सगळ्यांचं झालं."

"मग कंपनीचं कंपनी बघंल," उमादेवी म्हणाली. "आता पाळी आपली हाय."

आणि तिनं शेंगदाणे भाजायला कढई चुलीवर ठेवली.