डबा उघडण्याआधी

"हा हात तुमचाच ना?" शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर ब्रिजिटनी फोन शीलाबाईंपुढे धरला.

हात शीलाबाईंचाच होता. मनगटावरचा भाजल्याचा डाग लपण्यासारखा नव्हता. व्हिडिओ समोरच्या इमारतीतून काढलेला. दिवा स्टेशनच्या भोवती इमारती अशा खेटून उभ्या, की याच्या गॅलरीतून त्याच्या पातेल्यात काय शिजतंय ते दिसावं. शाळेच्या बालवर्गाची खिडकी तर गावाला उघडी. दिसत होतं ते एवढंच: चाळीस पोरं डोळे मिटून, हात जोडून बसलीत आणि एक बाई पावलं न वाजवता त्यांच्यातून फिरतेय, मधूनच कुणाचा डबा उघडतेय, लावतेय. खाली लिहिलं होतं, 'बघा, आपल्या मुलांच्या जेवणात काय टाकतात.'

शीलाबाईंना आधी हसूच आलं. सिस्टरांचा चेहरा बघितला आणि ते जागच्या जागी विरलं.

एकवीस वर्षं त्या कळव्याहून येत होत्या. बालवर्गाच्या मावशी. नोकरी मागायला आल्या तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, की आम्ही बौद्ध, आमच्यात देवबिव नाही, तुमची प्रार्थना मला जमायची नाही. सिस्टर वसईकडच्या, मराठी रोखठोक. म्हणाल्या, देव ज्याने त्याने घरून आणावा, नसेल तर तसंच यावं. शाळेने बघायचं ते एकच. शेजारचा उपाशी बसलाय आणि आपण खातोय, हे ज्याला खुपत नाही असं पोर या फाटकातून बाहेर पडता कामा नये. येशूच्या नावाची शाळा काढायची ती एवढ्यासाठी, बाकी सगळं पाठांतर.

मग दोघींनी मिळून ती युक्ती काढली. मधल्या सुट्टीत डबे बंदच ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, 'ज्याने दिलं त्याचे आभार.' तीनदा, सावकाश. तेवढ्या गलक्यात मावशी फिरणार. कुणाची अर्धी पोळी, कुणाचा इडलीचा तुकडा, रिकाम्या डब्यात. देणाऱ्याला कळू नये, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. पालकांना दर जूनमध्ये निरोप जाई, डब्यात दोन घास जास्त घाला. का, ते कुणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. चुकलं ते तिथेच. लबाडी म्हणा हवं तर. पण एकवीस वर्षांत त्या वर्गातून एक पोर उपाशी घरी गेलं नाही, हे मेलं कुणी फोनवर फिरवलं नाही.

दहा वाजता फाटकाबाहेर मोटारसायकली येऊन लागल्या. पालक होतेच, पण ज्यांची पोरं या शाळेत नाहीत अशीही दहाबारा माणसं होती. ती बोलत नव्हती. नुसती फाटकाला टेकून आत बघत होती. वॉचमन धोंडीबाने कुलूप घातलं तरी कुणी ओरडलं नाही. आरडाओरडा झाला असता तर शीलाबाईंना बरं वाटलं असतं. 

पाच पालकांना ऑफिसात घेतलं. पुढे होता संदेश, बालवर्गातल्या ऐश्वर्याचा बाप. वागळे इस्टेटमधला, तो कामाला जायचा तो कारखाना बंद पडून दोन महिने झाले होते. घरात मान राहिली नाही की माणूस ती रस्त्यावर शोधत फिरतो, तसा तो सगळ्यांच्या वतीने बोलत होता. मागे त्याची बायको विनिता, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

तीन आठवडे ऐश्वर्याचा डबा रिकामा येत होता. घासून पुसून लख्ख आणि आत नुसता चमचा. चारचौघांसारखा पोरीच्या हातात डबा तरी दिसावा. एकदा फाटकाशी विनिताने शीलाबाईंचा हात धरून सांगितलं होतं, की घरातली दुपारची चूल बंद आहे, यांना वाटतं पोरीपुरतं तरी मी करते, यांच्या कानावर जाऊ देऊ नका.

"काय टाकत होतात डब्यात?" एका बाईने विचारलं.

सिस्टर खरं सांगणार, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. आणि ते सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: रिकामा डबा कुणाचा? त्याच्या पुढचाही ठरलेला, की कुणाच्या हातचं कुणाच्या पोटात गेलं? हा दुसरा प्रश्न तर शीलाबाई लहानपणापासून ओळखून होत्या. विनिता त्यांच्याकडे बघत होती. नुसती बघत होती बिचारी.

"टाकत काय नव्हते," शीलाबाई म्हणाल्या. "काढून घेत होते. सिस्टरांना माहीत नाही."

"म्हणजे पोरांचं खात होतीस?" संदेश म्हणाला. कालपर्यंत तो 'अहो मावशी' म्हणायचा.

शीलाबाईंनी खाली बघितलं. एकवीस वर्षांची अब्रू अशी एका वाक्यात जाते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. फार लागलं ते. सिस्टर खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. शीलाबाईंनी मान हलवून नको म्हटलं, तेव्हा त्या बसल्या.

चोर सापडल्यावर सगळ्यांचं काम सोपं झालं. मावशी आजपासून बंद. डोळे मिटणं बंद. आज मधल्या सुट्टीत पालक स्वतः उभे राहून बघणार आणि त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकणार.

घंटा झाली. शीलाबाई आपली पिशवी घेऊन व्हरांड्यातून निघाल्या होत्या. बालवर्गाच्या खिडकीशी पाय अडलेच. संदेश फोन वर धरून वर्गात उभा होता, विनिता दाराशी. वर्गाच्या बाईंनी सांगितलं, आजपासून डोळे उघडे ठेवूनच जेवायचं. झाकणं खडखडली, पोरं जेवायला लागली.

ऐश्वर्याचे डोळे मिटलेले होते. हात जोडून ती एकटीच म्हणत होती, ज्याने दिलं त्याचे आभार.

"उघड ना बाळा डबा," संदेश म्हणाला. "पप्पा शूटिंग करतायत."

तिने मान हलवली. विनिता पुढे सरसावली, पण तोवर त्याने वाकून एका हाताने झाकण काढलंसुद्धा.

"थांबा ना पप्पा," ऐश्वर्या डोळे न उघडता म्हणाली. "मावशी अजून माझ्याकडे आल्याच नाहीत."

संदेश डब्यातल्या चमच्याकडे बघत राहिला. मग बायकोकडे. फोन त्याने खाली केला, झाकण आवाज न करता परत लावलं आणि त्या बुटक्या बाकाशी तसाच उकिडवा बसला. खिडकीकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

बाहेर फाटकाशी ती माणसं अजून टेकून उभी होती. चोर बाई बाहेर येतेय, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. शीलाबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि धोंडीबाला कुलूप काढायला सांगितलं.