वेब्लीचा खटका

शिवाजी हवालदार म्हणजे महाहट्टी माणूस! तारापूरच्या कॉलनीत हत्यार, अगदी परवान्याचं जुनं रिव्हॉल्व्हरसुद्धा, ठेवता येणार नाही असा निरोप आला, तशी म्हाताऱ्यानं वळकटीच बांधायला घेतली.

"माझी वेब्ली जिथं न्हाई, तिथं मीबी न्हाई. चाललो साताऱ्याला."

मुलगा बन्सी अणुवीज केंद्राच्या बांधकामावर वेल्डर होता. त्यानं समजावलं, विनवलं, शेवटी तोही चिडला. "जाऊ दे त्यांना!"

सून सुगंधा मात्र कासावीस झाली. साताऱ्याच्या घराला कुलूप. तिथं म्हाताऱ्याला भाकरी कोण घालणार? आणि तिला तरी इथं दुसरं कोण होतं? बन्सी पाळीवर गेला की दिवसभर बोलायला मामंजीच. तिचा बाप ती रांगत असतानाच गेला होता. बापाची माया कशी असते ते तिला या सासऱ्यानं दाखवलं, आणि आता हाच निघाला!

तिनं तोड काढली. बोईसरचे बेहरामशेठ, चिकूच्या वाडीचे मालक, रीतसर परवान्यावर जुनी पिस्तुलं जमवायचे. "वेब्ली त्यांच्याकडं राहील, तुम्ही आमच्याकडं. नुसतं बघून तर येऊ," म्हणत तिनं मामंजींना वेब्लीसकट एसटीत बसवलं.

शेठच्या काचेच्या कपाटापुढं हवालदार जे खुलले! पलटणीत सारी नोकरी हत्यारं दुरुस्त करण्यात गेलेली.

"ही बघ सूनबाई, चकमकीची. गारगोटी पोलादावर आपटली की ठिणगी, ठिणगीनं बार. पावसात दारू भिजली की बोंबला! म्हणून पुढं ही टोपीची आली. तांब्याच्या इवल्या टोपीवर घोडा पडला की बार. पण दारू आन् गोळी ठासत बसायचं काय सुटलं न्हाई. मग आलं काडतूस, आन् त्याच्यामागनं आमची राणी!"

"मग दाखव की तुझी राणी, हवालदार," शेठ हसले. "ती मधून मोडते ना, ते बघू दे."

"मोडतीया? अवो, अंगठ्यानं खटका दाबला की नळी खाली झुकती, आन् सहाच्या सहा रिकामी काडतुसं आपोआप वर येत्यात. ऐन लढाईत एकेक उपसत कोण बसणार?"

बोलता बोलता त्यांनी चामड्याच्या खोळीतून वेब्ली काढली. नळीवर तांबडा गंज चढला होता. समुद्राची खारी हवा आणि त्यात चामड्यात मुरलेली ओल, दुसरं काय होणार?

हवालदारांनी खटक्यावर अंगठा ठेवला. तो थरथरला, घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. बेहरामशेठ उगाच खिडकीबाहेर पाहू लागले. भला माणूस!

"वर्ष झालं, जमत न्हाई," हवालदार पुटपुटले. "उघडताच येईना, तर तेल कसं घालू? गंज दिसला म्हणून जवानांना दिवसभर पळवणारा मी..." ते नळीवरचा गंज बोटानं घासू लागले. "बन्सीला हे हात दिसायला नको हुते, पोरी. म्हणून निघालो हुतो. वेब्लीचं आपलं निमित्त."

सुगंधाला रडू आलं आणि रागही आला. "वा मामंजी! हात थरथरला म्हणून कुणी घर सोडतं का? आम्ही काय मेलो होतो?"

तिनं त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. "हं, दाबा आता."

खट्! नळी झुकली. सहा रिकामी घरं उघडी पडली. हवालदारांनी वेब्ली शेठपुढं केली.

"शेठ, ठेवून घ्या हिला," ते म्हणाले. "कागदपत्रं करू. पण खोळीत नगं. तेलाचा हात फिरवून उघडी ठेवा."

शेठचा गडी चहा ठेवून गेला. सुगंधानं भीत भीत विचारलं, "मग साताऱ्याची गाडी कधीची बघायची?"

हवालदारांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, शेठच्या देखत, आणि खुशाल थरथरू दिले.

"बशी धर गं पोरी," ते म्हणाले. "माझ्याच्यानं सांडतो."