परसातलं पाणी

भद्रकालीच्या देवळाच्या बाजूला गोविंदराव केळकरांचं स्वतःचं घर होतं. मागे ऐसपैस परस, त्यात एक आड, दोन डाळिंबं आणि कोपऱ्यात पांगारा. कलेक्टर कचेरीतून निवृत्त झाल्यावर गोविंदरावांना एकच छंद लागला. परसात रंगीबेरंगी पाखरं यावीत! त्यांनी चकचकीत पितळी घंगाळ पाण्यानं भरून ठेवलं, रोज ज्वारी टाकली. पण कावळे-चिमण्यांखेरीज कोणी फिरकेना.

परसदार झाडायला भागीबाई येई. लहानपणी ती रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी शेरडं राखत असे. एके दिवशी तिला राहवलं नाही.

"भाऊसाहेब, रागावू नका. घंगाळ उन्हानं तापतंय, आन खोल बी हाय. पाखराला पाय टेकाया जागा पायजे. मातीचं पसरट परळ ठेवा, मधी दगूड टाका. आन त्या कोपऱ्यातली घाणेरी उपटू नका. तिच्या फुलांवर लय पाखरं येत्यात."

गोविंदरावांनी तसं केलं. आठ-दहा दिवसांतच शिंजीर आला, उन्हात जांभळा-निळा चमकणारा. मग तांबट, बुलबुल, आणि एका सकाळी पिवळाधमक हळद्या! गोविंदराव हरखून गेले. वाचनालयात त्यांना दुसरा विषय सुचेना.

तसे ते सुधारक विचारांचे म्हणून ओळखले जात. ते साल होतं एकोणीसशे चौतीस. काळारामाच्या दाराशी अस्पृश्यांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू होऊन चार वर्षं झाली होती, आणि वाचनालयात बसून गोविंदराव सत्याग्रहींची बाजू हिरिरीनं मांडत.

वैशाखातल्या एका दुपारी त्यांनी दोघा मित्रांना पाखरं बघायला बोलावलं. तिघेही मागच्या पडवीत श्वास रोखून बसले. परळात हळद्या पंख फडफडवत न्हात होता. तेवढ्यात परसाच्या दारात भागीबाई आली. सकाळपासून गल्ली झाडून तिचा घसा कोरडा पडला होता.

"भाऊसाहेब, वाईच पानी मिळंल का?"

गोविंदरावांनी ओठांवर बोट ठेवून तिला जागीच थांबायची खूण केली. पाखरू उडालं असतं ना! भागीबाई मुकाट्यानं भिंतीपाशी उन्हात बसली.

"काय तुमची भूतदया, गोविंदराव!" एक मित्र कुजबुजला.

पाव तास गेला. गोविंदरावांच्या पत्नी इंदिराबाई पन्हं घेऊन पडवीत आल्या, तेव्हा त्यांना भागीबाई दिसली. डोक्यावर पदर, ओठ सुकलेले. त्यांनी पन्हं खाली ठेवलं, आतून तांब्या भरून आणला आणि त्या सरळ परसातून चालत गेल्या. पाखरं भुर्रकन उडाली.

"अगं, काय केलंस हे? उडाली ना सगळी!" गोविंदराव ओरडले.

इंदिराबाई वळल्या. आवाज शांत होता. "उडू देत. ती नदीवर जाऊन पाणी पितील. ही कुठे जाईल? गावातला कुठला आड हिला मोकळा आहे, सांगा बरं!"

"अगं, पण थोडा वेळ..."

"पाखरांना पाणी कसं ठेवावं हे तुम्हाला हिनंच शिकवलं. आणि हिलाच तुम्ही उन्हात बसवलंत!"

भागीबाईनं सवयीनं ओंजळ पुढे केली होती. इंदिराबाईंनी तिच्या हातात तांब्याच ठेवला. ती गांगरली.

"बाईसाहेब, तांब्या बाटंल."

"वहिनी, हे जरा जास्त होतंय हं!" दुसरा मित्र म्हणाला.

वाचनालयातली आपली सारी भाषणं गोविंदरावांना आठवली. चार वर्षं बोललो, आणि घरच्या दाराशी एक बाई तहानलेली! त्यांची मान खाली गेली. मग ते उठले, चपला न घालताच तापलेल्या मातीवरून दारापाशी गेले.

"भागीबाई, पाणी पी. आणि यापुढे मागत बसू नकोस. आडावर ये, पोहरा सोड, हवं तेवढं काढ."

पाणी पिऊन भागीबाईनं तोंड पुसलं. "आज बोलावता, भाऊसाहेब. उद्या आळीतली मान्सं बोलली म्हंजी?"

"उद्याही तू यायचं. बोलतील त्यांना मी उत्तर देईन."

आळी बोललीच! शेजारचे शामसुंदरभट याच आडाचं पाणी नेत. त्यांनी निरोप पाठवला, "ती बाई पाणी भरणार असेल, तर आमची घागर तुमच्या आडावर येणार नाही." गोविंदरावांनी उलट निरोप धाडला, "आड सर्वांना मोकळा आहे. यावं न यावं, मर्जी आपली." त्या दुपारी आक्षेप घेणाऱ्या मित्रानंही घरी येणं सोडलं. गोविंदरावांना वाईट वाटलं, पण शब्द त्यांनी फिरवला नाही.

महिनाभर शेजारची घागर आली नाही. मग एका सकाळी शामसुंदरभटांची सून सुधा परसाच्या दारात उभी राहिली. सासऱ्यांनी पाठवलं, की लांबून पाणी वाहून ती स्वतःच थकली, कोण जाणे! आडावर भागीबाई पाणी काढत होती. सुधाला पाहताच ती बाजूला सरू लागली.

"भरा, भरा तुम्ही. तुमचा नंबर आधी," सुधा म्हणाली आणि घागर टेकवून उभी राहिली.

वाचकहो, दया करायला सोपी असते. तिच्यात आपला मोठेपणा शाबूत राहतो. माणसाला त्याचा हक्क देताना मात्र आपल्याला खाली उतरावं लागतं, चार माणसांचा रोष पत्करावा लागतो. तहानलेल्याला पाणी पाजणं हा उपकार नव्हे. ते त्याच्यापासून अडवून ठेवणं हाच अपराध आहे, आणि तो थांबवायची सुरुवात आपल्याच घराच्या मागच्या दारापासून करायला हवी!