मुरलेला दगड

लालदगड्या मूर्ख नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल. लोखंडाचा लाल दगड फोडायचा, मिऱ्याएवढा चाळायचा, धुऊन पिंपात भरायचा आणि वरून बोअरचं पाणी सोडायचं, हा त्याचा धंदा. पाण्यातलं आर्सेनिकचं विष त्या दगडाला चिकटतं आणि तळाच्या नळातून येतं ते पिण्याजोगं. अर्धी वस्ती त्याच्या पिंपांवर जगत होती.

ताईकडेही त्यानेच पिंप बसवला. नवा दगड पहिले आठ-दहा दिवस लालसर पाणी सोडतो, त्याला इलाज नाही. पण ताईने नाक मुरडलं. "अरे, हे पाणी की गंज? तुझ्या दाजींनी घोट घेऊन थुंकला. पोरगी तर तोंडच लावत नाही. शाळेच्या पिंपातून बघ कसं नितळ येतं!"

आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलेलं. तिचा शब्द तो खाली कसा पडू देणार? त्याच आठवड्यात त्याने शाळेचा दगड बदलला होता. दगड बदलायचा तो केवळ नियम आहे म्हणून, अशी त्याची ठाम समजूत. जुना दगड कसा मुरलेला, रंग सुटून गेलेला! फेकायच्या पोत्यातला तोच दगड त्याने ताईच्या पिंपात भरला. पाणी नितळ आलं, ताई खूश झाली, आणि मग तो दगड कुणी बदललाच नाही.

पाच वर्षांनी शिवणकाम करणाऱ्या ताईच्या बोटावरची जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, आर्सेनिकच्या पाण्याने आधी तळहातांवर कडक दाणे उठतात, त्यातूनच झालेला हा कॅन्सर आहे, बोट काढावं लागेल; पुढचं पुढे बघू. मग पाणी तपासणारी बाई आली. तिच्या बाटलीवरचा आर्सेनिक तपासायचा कागद तपकिरी झाला.

"हे तर सरळ बोअरचंच पाणी. दगड किती जुना?"

त्याने सांगितलं. बाईने कपाळाला हात लावला. "अहो मिस्त्री, त्या दगडाचं पोट शाळेतच भरलं होतं. भरल्या पोटी तो आणखी काय खाणार?"

लालदगड्या तसाच आत गेला. ताई पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती.

"ताई, दगड वापरलेला होता. मीच भरला. मार मला, काहीतरी बोल!"

ताई डोळे पुसून म्हणाली, "माझ्याच जिभेचे चोचले नडले. बाहेर बोलू नकोस. तुझ्या हातचं पाणी कोण पिईल मग?"

"सांगावं लागेल गं. आणखी कुणी असंच करेल."

"बरं. पण आधी पोरीचे हात बघ. माझं बघायचं धाडस होत नाही."

पोरगी धावत आली. मामा नेहमी खाऊ आणायचा, म्हणून तिने हसत दोन्ही तळहात पुढे केले. त्यांवर मोहरीएवढे कडक दाणे उठले होते.