टाचणीच्या मशीनवरचा आरसा

मित्रांनो, मी स्कूटरचा एक जुना आरसा आहे. डाव्या बाजूचा. माझा उजवा भाऊ एका वळणावर फुटला, पुढे स्कूटरही भंगारात गेली आणि मी मालकाच्या खिळ्यामोळ्यांच्या डब्यात येऊन पडलो. मागून येणाऱ्याची खबर देण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याने आता डब्याचं झाकण बघत बसायचं! असो.

मालकाची धाकटी बहीण शिवणकामात पटाईत. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून सगळे तिला टाचणीच म्हणतात. तिला लहानपणापासून ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखते, थोडं बोलते, बाकीचं हातांनी सांगते. पण नोकरी मागायला गेली की लोक तिची शिलाई बघायच्या आधीच मान हलवायचे. एका दुकानदाराने तर विचारलं, "मग फोन कोण घेणार?" त्या दुकानात फोनच नव्हता, मित्रांनो!

शेवटी शर्टांच्या एका कारखान्यात तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम पटलं तर कायम, नाहीतर घरी. कॉलर तर ती अशी बसवायची की बघत राहावं. अडचण एकच होती. सगळ्या मशीनची पाठ दाराकडे, आणि मुकादमांना मागून येऊन काम बघायची सवय. मऊ बुटांमुळे त्यांचं नावच पडलं होतं मांजर. बाकीच्या बायकांना निदान त्यांचा खोकला ऐकू यायचा. टाचणीच्या खांद्यात मात्र एकदम मोजपट्टीचं टोक टोचायचं. ती दचकायची, शिवण वाकडी जायची. एकदा तर सुई बोटात गेली. मागच्या रांगेत हशा पिकला, तर ती वळेपर्यंत तो संपलेला असायचा.

मुकादम कारखान्याच्या मालकीणबाईंना म्हणाले, "हाका मारून घसा बसला माझा. हिला ठेवणं धोक्याचं आहे."

त्या संध्याकाळी दादाने बहिणीच्या बोटाची पट्टी बघितली आणि डबा उपडा केला. दुसऱ्या दिवशी मी ऐटीत तिच्या मशीनवर बसलो होतो!

काय दिवस होते ते! दार, घड्याळ, मुकादम, सगळे माझ्यात मावायचे. टाचणीचं दचकणं थांबलं. शेजारच्या मशीनवरच्या काकूही मान तिरकी करून माझ्यात बघायच्या आणि रांगेला सांगायच्या, "गप्प बसा गं, मांजर निघालं!"

हे मांजराच्या कानावर गेलंच. मुदत संपायला आठवडा उरला असताना त्यांनी मला उपटलं. "मशीनवर शोभेच्या वस्तू चालणार नाहीत." मग मला आपल्या टेबलावर ठेवून ते माझ्यात बघत भांग पाडू लागले. समोर टाचणी पुन्हा दचकू लागली. दोन कॉलरी उसवाव्या लागल्या. मी नुसता बघत राहिलो.

शेवटच्या दिवशी मालकीणबाई मुकादमांना घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. बाराही मशीनवर आरसे! दाढीचे, पावडरच्या डबीतले, कपाटाचा एक तुटका तुकडा. बारा मुकादम मुकादमांकडे बघत होते.

"हे काय, काकू?"

"टाचणीचा आरसा मुकादमांनी काढून नेला, म्हणून सगळ्यांनीच लावले. दचकायला आम्हालाही होतं हो बाई. आम्ही फक्त बोलत नव्हतो."

मालकीणबाईंनी टाचणीच्या कॉलरी उलटसुलट करून पाहिल्या. "आरसा होता तोवर एकही बिघडली नाही, काढल्यावर दोन बिघडल्या. मुकादम, तुम्ही समोरून का नाही येत?"

मुकादम विचारात पडले. "तसं... कधी सुचलंच नाही."

मग मालकीणबाई टाचणीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "उद्यापासून तू कायम."

टाचणीने आधी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि मग मनसोक्त हसली.

मुकादमांनी स्वतःच्या हाताने मला परत बसवलं. आता ते समोरून येतात. भांग मात्र अजून माझ्यातच पाडतात.

मित्रांनो, आता माझा कडेचा पारा उडालाय. माझ्यासारखा कुणी डब्यात पडलेला दिसला तर ओल्या फडक्याने पुसा, कामाला लावा. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी बोलायचं तर चार पावलं जास्त चाला, पण समोर या.

परवा काकू मागच्या रांगेत मांजराची चाल करून दाखवत होत्या. सगळ्यांच्या आधी हसली ती टाचणी.