गोकुळाबाईची टोपली

मी एक टोपली. मासोळीची. तुम्ही नाक मुरडलंत, ते दिसलं मला. मुरडा, सगळेच मुरडतात. पण आज मी तोंड उघडलंय ते वासाबद्दल बोलायला नाही. मी एक वर्षभर गाणं ऐकलं आहे. कोणाच्या मांडीवरून ऐकलं आणि ते कसं संपलं, तेवढं सांगते.

माझा जन्म धानोऱ्याकडच्या जंगलातला. चैतू बुरडानं बांबू तोडला, चिरला, कामट्या सोलल्या आणि त्याच्या बायकोनं अंगणात बसून मला विणलं. तिची बोटं कापलेली असायची. माझ्या काठावर तिच्या रक्ताचा एक डाग बरेच दिवस होता. बाजारात मला गोकुळाबाईनं उचललं. दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, उलटी करून बूड पाहिलं आणि म्हणाली, "घट्ट आहे." बदल्यात बुरडिणीच्या पदरात तिनं सुके झिंगे ओतले. त्या दिवसापासून मी तिच्या डोक्यावर.

गोकुळाबाई सावरबोडीची. चांदा जिल्ह्यात, सिंदेवाहीपासून पायी दोन तासांवर हे गाव. गाव लहान आणि तलाव मोठा. तिचा नवरा मनसाराम डोंग्यातून, म्हणजे लहानशा होडीतून, तलावात जाळं टाकायचा. मासोळी आली की गोकुळाबाई वाळवायची आणि माझ्यात भरून बाजारोबाजार विकायची. बोलणं कमी, चालणं फार. मी तिच्याकडे आले तेव्हा घरात दोघंच होती, पण दोरीवर तिसऱ्या माणसाचा सदरा वाळत घातलेला असायचा. कोणी घालत नसताना ती तो धुवायची.

सदरा इसरूचा. त्यांचा एकुलता एक मुलगा, बावीस वर्षांचा. आवाज असा, की तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गायला लागला तर धान कापणाऱ्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहायच्या. लटारू शाहिराची खडी गंमतची पार्टी गावात आली आणि हा त्यांच्याबरोबर गेला. खडी गंमत म्हणजे उभ्यानं सादर करायचा खेळ. शाहीर, ढोलकी, टाळ, तुणतुण्यासारखं चोणकं, आणि बाईच्या वेशात नाचणारा, गाणारा पुरुष. त्याला नाच्या म्हणतात. इसरू नाच्या झाला.

त्याची सोयरीक ठरली होती, ती मोडली. जातीच्या बैठकीत कोणीतरी मनसारामाला विचारलं, "का जी, पोराले साडीचोळी कोण घेऊन देते? तू का तुही बायको?" सगळे हसले. मनसाराम बैठकीतून उठला तो सरळ नदीवर गेला. डोकं भादरलं, मिशी काढली, पिंड पाडले. जिवंत पोराचं दहावं करून घरी आला आणि गोकुळाबाईला म्हणाला, "इसरू मेला. त्याच्याशी बोलशील तं माह्यं मेलेलं तोंड पाहशील."

गोकुळाबाई रडली नाही म्हणतात. मी तेव्हा नव्हते. पण तिनं शपथ पाळली, हे मी पाहिलं.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत मंडई भरते. जत्राच ती. भर दुपारी, उन्हात, गावाबाहेर शेताच्या धुऱ्यावर दंडारीची नाचगाणी, गंमत, सगळं चालतं. तिकडे आम्ही मासोळी विकायला गेलो. निम्मी विकली गेली असेल, तोच ढोलकी वाजली. गोकुळाबाईचा हात माझ्या काठावर थांबला. समोर एक गिऱ्हाईक वाट पाहत उभं होतं. ती उठली, मला कंबरेवर घेतलं आणि चालू लागली.

गर्दीच्या अगदी मागे जाऊन ती बसली. माझ्या वासानं लोक सरकले आणि तिला ऐसपैस जागा झाली. मग तो आला. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, पायांत घुंगरं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

तो गायला लागला, "पाळीवर उभी मी एकली, डोंगा लाव रे कोणी ना..." शेवटचा तो 'ना' त्यानं असा लांबवला, की ढोलकीवाल्यानं हात उचलून धरला आणि वाट पाहिली. शिट्ट्या बंद झाल्या. गोकुळाबाईचा पदर कधी खाली आला ते तिलाही कळलं नाही. तिची बोटं माझ्या कामट्यांमध्ये रुतली होती.

परतीच्या वाटेत एका ओळखीच्या बाईनं हटकलं, "काऊन वं गोकुळा, तू तं शपथ घेतली होती?"

"बोलाची घेतली," ती म्हणाली. "आयकाची नाई."

तिथून आमचं वर्ष सुरू झालं. ढोलकीवाला बिरजू बाजारात भेटला की ती त्याला विचारायची, पुढचा खेळ कुठी? तो गाव सांगायचा. ती घरी सांगायची, त्या गावचा बाजार चांगला असतो. मनसाराम काही विचारायचा नाही. पौषात शंकरपट झाले. बैल धावून झाले की खळ्यावर गंमत. कुठे पाटलाच्या घरी लग्न, कुठे नवस फेडायचा म्हणून खेळ. आम्ही सगळीकडे मागे. लोक म्हणायचे, "ए बाई, तुही टोपली घेऊन दूर बस." ती दूर बसायची. दूरवरूनही तिला त्याचा श्वास ऐकू यायचा असं मला वाटतं, कारण पुढे जे झालं ते सगळ्यांत आधी तिलाच कळलं.

एका शंकरपटात त्यानं तो 'ना' अर्ध्यावर सोडला. बाकीचा शाहिरानं ओढून नेला. लोकांच्या लक्षातही आलं नाही. गोकुळाबाई मात्र ताठ झाली. पुढच्या खेळात तो आणखी आखूड झाला.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत तो गाता गाता खोकला. थांबेना. तेव्हा त्यानं काय केलं, कंबरेवर हात ठेवला, मान वेळावली आणि आजारी सुनेचं सोंग आणलं. लोक पोट धरून हसले. "आणखी खोकल वं!" एकानं ओरडून सांगितलं. तो आणखी खोकला. मग पदरानं तोंड पुसलं आणि पदराचा तेवढा भाग पटकन मुठीत धरला. हजार माणसं हसत होती. एक बाई हसत नव्हती.

त्या दिवशी ती उरलेली मासोळी न विकताच निघाली. घरी आली, मला दारात ठेवलं आणि जाळं विणत बसलेल्या मनसारामापुढे उभी राहिली.

"तो खोकलून राह्यला," ती म्हणाली. "रगत पडते."

मनसारामानं मान वर केली नाही. "मेलेला माणूस खोकलत नाई."

इतकंच. पण त्या संध्याकाळी त्यानं विणलेल्या जाळ्याचे डोळे लहान-मोठे झाले होते. दुसऱ्या दिवशी ते उसवावं लागलं.

तिनं अडुळशाचा पाला आणि जवसाचे लाडू माझ्यात मासोळीखाली लपवून नेले आणि बिरजूच्या हाती दिले. पुढच्या बाजारात बिरजूनं निरोप आणला. "मावशी, इसरू म्हणते, मायले सांग, समोर बसत जा. मागं बसली का डोळे दिसत नाई तिचे."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं ऐकलं, 'बरं' म्हणाली, आणि बाजार उठेपर्यंत तिनं एकाही गिऱ्हाइकाला धड उत्तर दिलं नाही.

चैत्रात एका देवीच्या नवसाचा खेळ होता. त्या दुपारी गोकुळाबाई पहिल्यांदा पुढे गेली. मला मांडीवर घेऊन ती सगळ्या पुरुषांच्या पुढ्यात बसली. कोणी कुजबुजलं, कोणी थुंकलं. इसरू आला. लुगडं तेच, पण आत माणूस अर्धा राहिला होता. तिला पाहून हसला. गायला सुरुवात केली, "पाळीवर उभी मी..." आणि पुढचा शब्द आलाच नाही. गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला. लोकांना वाटलं, सोंग. टाळ्या पडल्या.

गोकुळाबाई उठली. मी तिच्या मांडीवरून घरंगळले. आत उरलेले झिंगे धुळीत सांडले. ती गेली, त्याचं डोकं उचललं आणि शपथेनंतर पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"चाल बापू. उठ. झालं आता."

"बा?" त्यानं विचारलं.

"मी आहे ना," ती म्हणाली.

लटारू शाहीर चांगला माणूस. त्यानं खेळ थांबवला, बैलगाडी केली, आणि सिंदेवाहीहून छोट्या रेल्वेगाडीनं दोघांना चांद्याला दवाखान्यात नेलं. मीही होते, भांडीकुंडी माझ्यातच होती. डॉक्टरांनी इसरूच्या पाठीला नळी लावली, बोटांनी ठोकून पाहिलं, सुया दिल्या. पंधरा दिवसांनी म्हणाले, "बाई, दोन्ही फुफ्फुसं गेली आहेत. घरी न्या. चांगलं खाऊ घाला."

घर? घरात तर तो मेलेला होता. गोकुळाबाईनं त्याला तलावाच्या पाळीवर ठेवलं, जाळी ठेवायच्या झोपडीत. स्वतःही तिथेच राहिली. मी झोपडीबाहेर.

तिथे रोज सकाळी उजाडता उजाडता माझ्यात दोन जिवंत मरळी येऊन पडायच्या. शेपट्या आपटायच्या. आजाऱ्याला मरळीचा रस्सा चांगला. गोकुळाबाईला पहिल्यांदा वाटलं बिरजूची कृपा. मी पाहिलं होतं कोण ठेवतो ते. दहाव्यापासून तसंच भादरत ठेवलेलं डोकं, ओले पाय. मासोळी ठेवायचा, झोपडीच्या कुडाला कान लावून थोडा उभा राहायचा आणि जायचा. आत एक पाऊल कधी टाकलं नाही. माझा आवाज त्याला ऐकू गेला असता तर मी ओरडले असते, की अरे माणसा, कूड आहे, भिंत नाही! इसरू आतून कधी कधी विचारायचा, "माय, बा आला का वं?" ती सांगायची, "येईल." बाहेर तो ऐकत असायचा.

आषाढात एका दुपारी इसरू गेला. बोलता बोलता गेला. पाणी मागितलं, तिनं दिलं, आणि ते गालावरून खाली वाहिलं.

गोकुळाबाई गावात गेली. पंच म्हणाले, "बाई, त्याचं दहावं होऊन गेलं. एकडाव मेलेल्याले पुन्हा खांदा कोण देईन? जातीत तसं चालत नाई." ती हात जोडून उभी होती. कोणी उठलं नाही. शेवटी निरोप गेला आणि लटारूची माणसं पावसात चालत आली. शाहीर, बिरजू, टाळकरी, चोणक्यावाला. चार जातींचे चार जण. त्यांनी त्याला नेलं. चिखल इतका, की पाय पोटरीपर्यंत रुतत होते.

मनसाराम त्या दिवशी तलावाच्या मध्यावर डोंग्यात बसून होता. जाळं डोंग्यात तसंच. पाऊस त्याच्या डोक्यावर पडत होता. पाळीवरून अंत्ययात्रा गेली तेव्हा त्यानं तिकडून तोंड फिरवलं नाही. उठलाही नाही. अंधारून आलं तेव्हा डोंग्यात पाणी इतकं साचलं होतं, की आणखी थोडा वेळ बसला असता तर बुडाला असता. कदाचित तेच त्याच्या मनात असेल. मी टोपली, मला कसं कळावं?

दिवाळीनंतर पुन्हा मंडई भरली. गोकुळाबाई मला घेऊन निघाली. लटारूच्या पार्टीत नवा नाच्या होता. बरा गायचा. लुगडं हिरवं नव्हतं, लटारूनं तेवढं केलं होतं. गोकुळाबाई शेवटपर्यंत बसली, एकदाही न हलता. खेळ संपल्यावर शाहीर आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बाई, तू कायले आली?"

"वरीस पुरं कराले," ती म्हणाली. "आता नाई येत."

आणि खरंच गेली नाही. बाजारात ढोलकी वाजली की ती तोंड फिरवायची नाही, कानही द्यायची नाही. वजन करत राहायची.

त्याला आता दोन वर्षं झाली. माझं बूड गेलं आहे, काठ उसवला आहे. मासोळीसाठी नवी टोपली आली. मी घराच्या मागे, शेणाच्या गोवऱ्यांशेजारी पडून असते. उद्या-परवा चुलीत जाईन. त्याचं मला काही नाही. बांबूला मरण दोनदा येतंच. एकदा कोयत्यानं, एकदा विस्तवानं.

पण एक गोष्ट मला जाळत राहते. मागच्या महिन्यात दोघं परसात जाळं दुरुस्त करत बसली होती. मनसाराम एकदम म्हणाला, "कसा गाये तो?"

गोकुळाबाईचे हात थांबले. मग तिनं तोंड उघडलं आणि तीच ओळ म्हणायला गेली. भसाडा, तुटका आवाज निघाला. ती थांबली. "असा नाई," म्हणाली. पुन्हा प्रयत्न केला. "असा नाई." तिसऱ्यांदा ओठ हलले, आवाजच आला नाही.

"मंग कसा?" मनसारामानं विचारलं.

"तुमी तिथं याले पाह्यजे होतं जी," ती म्हणाली, आणि सुतळी ओढून गाठ मारली.

त्यानंतर तो रोज विचारतो. तिला नाही; तिला विचारायची हिंमत नाही. पाळीवर जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारतो. गुराख्याला, बांगड्यावाल्याला, पोस्टमनला. "तुमी त्या सालच्या मंडईत होते का जी? हिरव्या लुगड्याचा नाच्या पाह्यला का? कसा गाये?" लोकांना वाटतं, म्हातारा बिघडला. हसून पुढे जातात.

मी सगळं ऐकलं आहे, पण मला गळा नाही. म्हणून तुम्हाला विनवते. त्या वर्षी त्या गर्दीत तुम्ही असाल, शिट्टी मारली असेल, हसला असाल, आणखी खोकल असं ओरडलाही असाल, तरी चालेल. सावरबोडीला या. तलावाच्या पाळीवर एक भादरलेल्या डोक्याचा माणूस बसलेला दिसेल. त्याच्याजवळ घडीभर बसा आणि त्याला सांगा, त्याचा पोरगा कसा गायचा.