समुद्र मागे सरला म्हणे

विमलाबाईंनी आचऱ्याच्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवला, पण घरच्या दिराला काही समुद्र शिकवता आला नाही. गणपती पोचवायला गेलेला गुरुदास किनाऱ्यावरून परतला तोच मुळी हवेत. "वयनी, समुद्र मागे सरलो. थंय मी पावण्यांसाठी स्वयंपाकघर बांधतंय."

"सरूक नाय," विमलाबाई म्हणाल्या. "पावसाळ्यात प्रवाह दक्षिणेक वाहता, म्हणान किनाऱ्याचा पाणी उतरता. थंडीत तो उलटो फिरता, मगे वीतभर चडता. तुझी चूल त्याच वितीत आसा."

"वीतभर पाण्यान काय जाता?"

"तुझी अक्कल बुडाक तेवढा पुरे."

गुरुदास हसला. हसणं हा त्याचा एकमेव युक्तिवाद होता. दिवाळीपर्यंत माडांच्या पुढे, वाळूवर, स्वयंपाकघर उभं राहिलं. रंग निळा. दिराची अभिरुचीही विमलाबाईंना ठाऊक होती.

जानेवारीतल्या अमावास्येला आभाळ लख्ख होतं, झावळीसुद्धा हलत नव्हती. पुण्याचे पाहुणे आंबोळ्या खात बसले असताना भरतीचं पाणी गुपचूप उंबरा ओलांडून आत आलं. पाहुण्यांनी पाय वर घेतले आणि मोबाइल बाहेर काढले.

"वारो नाय, पाऊस नाय," गुरुदास कमरेवर हात ठेवून म्हणाला. "मगे पाणी खंयसून इला?"

"अमावास्येची भरती, आणि वर ती वीत," विमलाबाई म्हणाल्या. "ह्या वितीचो वारो हय नाय, बंगालच्या उपसागरात वाहलो. थंय त्यान पाणी किनाऱ्याक लोटल्यान. तो फुगवटो श्रीलंकेक वळसो घालून हय पावलो."

"बंगालातलो वारो माझ्या चुलीत?"

विमलाबाईंच्या जिभेवर चांगलं धारदार उत्तर तयार होतं. तेवढ्यात त्यांना जाऊ दिसली. आनंदी एकटीच घोटाभर पाण्यातून तांदळाचं पोतं ओढत होती. स्वयंपाकघर कुठे बांधायचं, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. विमलाबाईंनीही नाही. त्यांनी पदर खोचला आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं.

पाणी ओसरल्यावर आनंदीने नवऱ्याला एवढंच सांगितलं, "मी परत हय चूल पेटवूचंय नाय."

महिन्याभरात स्वयंपाकघर घरामागे गेलं. गुरुदास वाडीभर सांगत सुटला, की वास्तुशास्त्रात आग्नेय दिशा सांगितलीय, म्हणून हलवलं. विमलाबाई जेवायला बसल्या असताना त्याने तेच त्यांनाही ऐकवलं. त्यांनी घास खाली ठेवून तोंड उघडलं.

आनंदीने त्यांच्या ताटात आणखी एक आंबोळी वाढली. "ऱ्हवांदे, वयनी," ती हळूच म्हणाली. "चूल हलली मा?"